नवरा-बायकोतला अबोला लांबतोय? या चुका टाळा

भांडण झालं की दोन-तीन दिवस एकमेकांशी बोलायचं नाही, हे आपल्याकडे इतकं नॉर्मल धरलं जातं की त्यात काही बिघडतंय असं कुणाला वाटतच नाही, आईवडिलांचं तसंच बघितलेलं असतं, सासरी पण तेच. आणि खरं सांगायचं तर भांडणात गप्प होणं दरवेळी वाईट नसतं, कधीकधी तेच करायला पाहिजे. फक्त परत कधी बोलणार ते सांगून गप्प व्हा. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

अमेरिकेत जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सिॲटलच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं जोडप्यांना समोर बसवून भांडणाच्या विषयांवर बोलायला लावलं आणि ते चालू असताना हृदयाचे ठोके वगैरे मोजले. त्यात दिसलं की जो माणूस दगडासारखा गप्प बसलाय, बाहेरून वाटतं याला काही पडलेलीच नाही, त्याच्या आत बऱ्याचदा प्रचंड खळबळ चालू असते. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही, विचार करणं तर लांबच. ते उतरायला निदान 20 मिनिटं तरी लागतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लाव" हा हट्ट करू नका, त्या क्षणी समोरच्याकडून शहाणपणाचं उत्तर मिळणारच नाहीये.

मग काय करायचं? उठून जाण्याआधी एक वाक्य बोलायचं. "माझं डोकं तापलंय, आत्ता काहीतरी लागेल असं बोलून जाईन, जेवणं झाली की साडेनऊला बोलू." बास. आणि साडेनऊला विषय त्यानेच काढायचा ज्याने थांबूया म्हटलं, ही अट फार महत्त्वाची आहे, कारण दुसरा माणूस तोपर्यंत तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून थांबलेला असतो. साडेनऊला पण जमत नसेल तर तसं सांगा आणि उद्याची वेळ द्या.

मधल्या वेळात मनातल्या मनात "मी असं म्हणायला पाहिजे होतं, मग ती अशी म्हणाली असती तर मी तसं" हे चालू ठेवलं तर तास गेला तरी डोकं थंड होत नाही. चक्कर मारून या, भांडी लावा, गाणी ऐका, काहीही करा ज्यात मन दुसरीकडे जाईल.

आता दुसऱ्या बाजूचं, म्हणजे ज्याच्याशी बोलणं बंद झालंय त्याचं. हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून गॅलरी, मागे मागे जाऊन "बोल ना, काय झालं, बोल ना" करू नका. तसं का होतं हे अगदी समजू शकतं. 2003 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, माणसांना कॉम्प्युटरवर चेंडू टाकाटाकीचा साधा गेम खेळायला दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू देणं बंद केलं, तर शरीराला दुखापत झाल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो त्यातलाच एक भाग तेव्हा पण जागा झाला. अनोळखी लोकांच्या गेममध्ये हे होतं, तर रोज शेजारी झोपणारं माणूस बघत पण नाही तेव्हा किती लागत असेल. पण मागे लागलात की समोरचा अजून आत जातो. एकदाच विचारा, "कधी बोलूया ते तू सांग, मी थांबते", आणि खरंच थांबा.

मुलांना मध्ये घालणं तर ताबडतोब बंद करा. "बाबांना सांग जेवायला वाढलंय", "आईला विचार किल्ली कुठेय". मोठ्यांना वाटतं की आपण आवाज तर चढवला नाही, मुलांना काय कळतंय. मुलांना सगळं कळतं. मार्क कमिंग्ज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलंय, आईवडिलांचा मूक राग सुद्धा मुलांना त्रास देतो, आणि भांडण मिटलेलं डोळ्यांनी दिसलं तर तो त्रास बराच कमी होतो. म्हणून भांडण मुलांसमोर झालं असेल तर निदान दोन शब्द समेटाचे पण त्यांच्यासमोरच बोला.

व्हॉट्सॲपवर भलामोठा मेसेज लिहून पाठवणं आणि मग ब्लू टिक बघत बसणं, किंवा टोमणा मारणारं स्टेटस ठेवणं, नकोच. माहेरी किंवा बहिणीला फोन करून सगळं सांगताना पण थोडा विचार करा, तुमचं परवा मिटतं, त्यांच्या डोक्यात ते वर्षभर राहतं.

आणि हो, "चहा टाकू का तुलाही?" हा प्रश्न ओळखायला शिका. आपल्याकडे सॉरी म्हणायची पद्धत कमी, माणूस चहा विचारतो, आवडीची भाजी करतो, गाडीत पेट्रोल भरून आणतो. तिथे "नको" म्हणून तोंड फिरवणं ही मोठी चूक आहे, समोरचा अर्धा रस्ता चालून आलेला असतो. पण चहा पिऊन विषय तसाच पुरला तर तोच पुढच्या महिन्यात परत वर येतो, मग तो पैशांचा असो की सासूबाईंच्या औषधांचा. चहा घ्या, आणि संध्याकाळी बोला पण.

हे सगळं दोघांनाही भांडण मिटवायचं असतं तिथे लागू पडतं. एकच माणूस दरवेळी आठवडे-महिने बोलणं बंद करतो, दुसऱ्याने माफी मागितल्याशिवाय घरखर्चाचे पैसे पण देत नाही, तुम्हाला घरात भीती वाटते, असं असेल तर बोलायची वेळ ठरवून वगैरे काही होणार नाही आणि तुम्ही अजून समजून घेत राहण्याची गरज नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळ पण येतो, महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. मनावरचा ताण असह्य होत असेल तर 14416 वर, म्हणजे सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, कुणीही फोन करू शकतं, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. जोडीदार समुपदेशनाला यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जा, त्याच्या होकाराची वाट बघू नका.