डीबगिंगसाठी कॅल्क्युलेटर निवडताना या चुका टाळा

प्रोग्रामच्या लॉगमध्ये, म्हणजे तो काय करतोय याच्या नोंदींमध्ये, एक आकडा होता: -२१४७०२४८९१. प्रोग्राम नेमका त्याच ओळीनंतर बंद पडायचा. मी तो आकडा सगळ्या कोडमध्ये शोधला, दोघांना विचारलं, अर्धा दिवस घालवला. शेवटी एका सहकाऱ्याने तो ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर) हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा अंक असलेल्या पद्धतीत, करून बघितला. आला ८००७०००५. विंडोजवर काम करणाऱ्यांच्या हा एरर कोड चांगलाच ओळखीचा असतो: परवानगी नाकारली. त्या सर्व्हिसच्या खात्याला एक फाइल वाचायची परवानगी नव्हती, एवढंच झालं होतं.

माझ्याकडे कॅल्क्युलेटर होता आणि त्यात हेक्सची सोयही होती. मी आकडा टाकूनही बघितला होता. पण तो ६४ बिटांवर लावलेला होता, त्यामुळे ८००७०००५ च्या आधी आठ एफ लागून सोळा अंकांची लांबलचक ओळ आली. त्यात ओळखीचं काही आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तेव्हापासून कुठलंही गणिताचं साधन हाती घेताना मी आधी एकच बघतो. माझा प्रोग्राम ज्या मर्यादेत आणि ज्या नियमांनी गणित करतो, तसंच गणित याला करता येतं का? हिशेबासाठी आपल्याला अचूक उत्तर हवं असतं. डीबगिंगमध्ये, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधताना, मात्र प्रोग्रामला जे उत्तर आलं तेच, त्यातल्या चुकीसकट, पुन्हा काढता यायला हवं. खाली दिलेल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

किती बिट, साइन्ड की अनसाइन्ड, हे न बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साइन्ड आकडा ऋणही असू शकतो, अनसाइन्ड कधीच ऋण नसतो.

ह्युलेट-पॅकार्डने १९८२ साली एचपी-१६सी नावाचा खास प्रोग्रामरसाठीचा कॅल्क्युलेटर काढला. त्यात आकड्याची रुंदी १ पासून ६४ बिटांपर्यंत हवी तेवढी ठेवता यायची. अनसाइन्ड, वन्स कॉम्प्लिमेंट आणि टूज कॉम्प्लिमेंट (या दोन्ही ऋण आकडे बिटांत लिहायच्या पद्धती) यांपैकी काय वापरायचं तेही ठरवता यायचं. हातात मावणाऱ्या यंत्रात ही सोय तेव्हा होती. आज मात्र 'हेक्स कन्व्हर्टर' नावाची कितीतरी साधनं रुंदी विचारतही नाहीत, आणि ऋण आकडा दिला की नुसतं उणे चिन्ह पुढे लावून मोकळी होतात.

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामर मोड घेतला की क्यूवर्ड, डीवर्ड, वर्ड आणि बाइट असे ६४, ३२, १६ आणि ८ बिटांचे पर्याय मिळतात. ते एकाच बटणावर असल्यामुळे नजरेतून सहज निसटतात. आकडा टाकण्याआधी तिकडे बघायची सवय लावून घ्या.

कुठलंही नवं साधन आलं की ही परीक्षा घ्या. ८ बिट निवडा आणि १२७ मध्ये १ मिळवा. साइन्ड असेल तर -१२८ यायला हवं, अनसाइन्ड असेल तर १२८. अनसाइन्डमध्येच २५५ अधिक १ केलं तर ० यायला हवं. मग ३२ बिटांवर -८ एक घर राइट शिफ्ट करा, म्हणजे सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवा. चिन्ह सांभाळणाऱ्या अरिथमेटिक शिफ्टने -४ येतं, डावीकडे ० भरणाऱ्या लॉजिकल शिफ्टने २१४७४८३६४४. यातलं नेमकं काय होतंय हे साधन सांगत नसेल, तर बिटांच्या कामासाठी ते बाजूला ठेवा.

पायथॉन या भाषेचा प्रॉम्प्ट (ओळ लिहिली की लगेच उत्तर देणारी खिडकी) कॅल्क्युलेटर म्हणून उत्तमच आहे, मीही रोज वापरतो. पण त्याच्या पूर्णांकाला रुंदीच नसते, तो हवा तेवढा वाढत जातो. म्हणून तिथे -२१४७०२४८९१ चं हेक्स मागितलं की उणे चिन्हासकट काहीतरी वेगळंच दिसतं. आधी ४२९४९६७२९५ बरोबर अँड करा (दोन्हीकडे १ असलेले बिटच ठेवणारी क्रिया), म्हणजे खालचे ३२ बिट उरतात. उत्तर २१४७९४२४०५ येईल आणि त्याचं हेक्स ८००७०००५.

ब्राउझरमधल्या साधनावर डोळे मिटून विश्वास ठेवणं

वेबपेजवरचे कॅल्क्युलेटर बहुधा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असतात. जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा हा ६४ बिटांचा फ्लोट (अपूर्णांकही ठेवता येणारा आकडा) असतो, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे सगळेच पूर्णांक त्यात नेमके बसत नाहीत. असं पेज उघडून ९००७१९९२५४७४०९९३ टाका आणि काहीही न करता परत काय दिसतं ते बघा. शेवटी ९९२ आलं, तर ६४ बिटांचे आयडी किंवा मेमरीचे पत्ते त्यात टाकू नका. एका अंकाने चुकलेला पत्ता मुळीच चुकल्यासारखा दिसत नाही, आणि हाच त्यातला धोका आहे. अशा चुकीचा शोध घेता घेता माणूस स्वतःच्या बरोबर कोडवर संशय घ्यायला लागतो.

बिटांच्या क्रियांचं आणखी वेगळं. तिथे जावास्क्रिप्ट आकडा ३२ बिटांत कोंबतं. १ हा ३२ घरं लेफ्ट शिफ्ट केला तर ४२९४९६७२९६ यायला हवं, पण येतं १, कारण शिफ्टच्या संख्येतलेही खालचे पाचच बिट धरले जातात. बिगइंट (जावास्क्रिप्टचाच हवा तेवढा मोठा होणारा पूर्णांक) वापरून केलेली साधनं यातून सुटतात. एखादं साधन तसं आहे की नाही, ते या दोन परीक्षांतून कळतं.

आणि एक कळकळीची विनंती. ग्राहकाच्या मशीनवरून आलेला मेमरी डंप (मेमरीची जशीच्या तशी नक्कल), लॉगिनचं टोकन किंवा गुप्त की अनोळखी पेजवर डीकोड करायला पेस्ट करू नका. त्या पेजमागे काय साठवलं जातंय हे आपल्याला दिसत नाही.

चिन्हाचा अर्थ सगळीकडे एकच आहे असं धरून चालणं

२^१० किती? बीसी या कमांड लाइनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये १०२४. सी किंवा पायथॉनमध्ये ८, कारण तिथे हे चिन्ह घाताचं नाही, एक्सऑरचं आहे (दोन बिट वेगळे असतील तिथेच १ देणारी क्रिया). दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि घाईत असलेल्या माणसाला दोन्ही खरी वाटतात.

२ + ३ × ४ विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्टँडर्ड मोडला २० देतं आणि सायंटिफिक मोडला १४. बीसीमध्ये नुसतं ७/२ लिहिलं तर ३ येतं. दशांश हवे असतील तर स्केल (दशांशचिन्हानंतर किती अंक) ठरवावं लागतं किंवा एल पर्याय देऊन बीसी चालू करावं लागतं. बीसीतच आधी आयबेस (आपण देतो त्या आकड्यांचा पाया) १६ केला आणि मग ओबेस (उत्तराचा पाया) १० लिहिला, तर तो १० सुद्धा हेक्समध्येच वाचला जातो, म्हणजे ओबेस १६ होतो. म्हणून ओबेस नेहमी आधी ठरवा. हेक्सची अक्षरंही तिथे कॅपिटलच द्यावी लागतात, स्मॉल अक्षरं व्हेरिएबल समजली जातात.

सुरुवातीच्या शून्याचंही लक्षात ठेवा. सी आणि बॅश या शेलमध्ये ०१० म्हणजे ८, कारण तो ऑक्टल, म्हणजे ८ च्या पायातला आहे. विनडीबीजी या विंडोजच्या डीबगरमध्ये (चालू प्रोग्राम थांबवून आतून तपासायचं साधन) तर नुसता १० लिहिला तरी तो १६ असतो, कारण तिथे आकडे मुळातच हेक्स धरले जातात.

ऋण आकड्यांच्या भागाकारात भाषांचं एकमत नाही. -७ ला २ ने पूर्णांकात भागलं तर सी -३ देते, पायथॉन -४. -७ ला ३ ने भागल्यावर बाकी सीमध्ये -१, पायथॉनमध्ये २. सीतल्या मॉड्युलोचा, म्हणजे बाकी काढण्याचा, बग पायथॉनमध्ये तपासत बसलात, तर बग दिसणारच नाही.

दशांश अपूर्णांक दहाच्या पायात तपासणं

साध्या कॅल्क्युलेटरवर ०.१ ला ३६००००० ने गुणलं की ३६०००० येतं, अगदी नेमकं. आता २५ फेब्रुवारी १९९१ चा प्रसंग बघा. सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये पॅट्रियट क्षेपणास्त्राची यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती. ती वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची. ०.१ हा बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, नेमका लिहिता येत नाही, म्हणून तो २४ बिटांत कापून ठेवलेला होता. दर ठोक्याला चूक साधारण ०.०००००००९५ सेकंदाची. १०० तासांत ठोके ३६०००००, म्हणजे एकूण चूक सुमारे ०.३४ सेकंद. येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मेले. साध्या कॅल्क्युलेटरवर हे गणित हजार वेळा केलं तरी ही चूक दिसली नसती.

म्हणून फ्लोटचा संशय असेल तेव्हा आकड्याचे बिट दाखवणारं साधन घ्या. याचा आणखी एक उपयोग होतो. एखाद्या उपकरणाकडून १०७३७४१८२४ असा वेडावाकडा आकडा आला, तर तो कचरा समजण्याआधी त्याचं हेक्स बघा. ४००००००० आलं, तर ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये तो साधा २.० असतो. वाचणाऱ्याने फ्लोटला पूर्णांक समजून वाचलेलं असतं. तसंच १ च्या जागी १६७७७२१६ दिसला, तर बाइटांचा क्रम उलटा झालाय: ०१ ०० ०० ०० हे चार बाइट एका बाजूने वाचले तर १, दुसऱ्या बाजूने १६७७७२१६. हे दोन आकडे पाठ असले तरी बरेच तास वाचतात.

टाइमस्टँपबद्दल (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेली वेळ) थोडक्यात: आजच्या काळातला दहा अंकी आकडा सेकंदांचा असतो आणि तेरा अंकी मिलिसेकंदांचा. १७०००००००० म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३, यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) रात्रीचे २२:१३:२०. साधन यूटीसी दाखवतंय की स्थानिक वेळ, हे याच आकड्याने तपासा.

डीबगर समोर असताना बाहेर जाणं

डीबगर चालू असेल तर पहिला कॅल्क्युलेटर तोच. जीडीबी या डीबगरला व्हेरिएबलचा टाइप माहीत असतो, आणि ज्या भाषेतला कोड चालू आहे तिचेच नियम तो गणिताला लावतो. प्रिंटपुढे स्लॅश देऊन एक्स, टी किंवा डी दिलं की तीच किंमत हेक्स, बायनरी किंवा दशमानात मिळते. विनडीबीजीची डॉट फॉरमॅट्स ही आज्ञा मला फार आवडते: ती एकाच आकड्याचं दशमान, ऑक्टल, बायनरी, अक्षरं, वेळ आणि फ्लोट असं सगळं एकदम मांडते. तिला ४००००००० द्या, फ्लोटच्या ओळीत २ दिसेल.

डीबगर नसेल तर ज्या भाषेत बग आहे त्याच भाषेचा प्रॉम्प्ट किंवा पाच ओळींचा प्रोग्राम. डेस्कटॉपवरचा कॅल्क्युलेटर त्यानंतर, आणि वेबपेज अगदी शेवटी.

आता बगच्या नोंदीत मी नुसता आकडा लिहीत नाही. '-२१४७०२४८९१, ३२ बिट, साइन्ड, हेक्स ८००७०००५' असं पूर्ण लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला कॅल्क्युलेटर उघडावाच लागत नाही.