लॉन कापायची कामं वाढली, आता माणूस कसा जोडायचा?

बंगले आणि सोसायट्यांची लॉन कापून देण्याचं काम पावसाळ्यात एकट्याला आवरत नाही. जूनपासून गवत असं वाढतं की दर आठ-दहा दिवसांनी मशीन फिरवावं लागतं. थंडीत तेच लॉन तीन-चार आठवडे थांबतं. म्हणून लगेच दोन पगारी पोरं ठेवू नका, हिवाळ्यात त्यांना बसवून पगार द्यावा लागेल.

त्यापेक्षा एकट्याने काम करणारा, स्वतःची दुचाकी असलेला माळी गाठा आणि रोजावर नाही, लॉनमागे पैसे ठरवा. गिऱ्हाईक 800 देत असेल तर 500 त्याचे. पेट्रोल आणि पात्याची धार कोणाकडे, हे आधीच बोलून घ्या. भांडणं तिथंच होतात.

पहिली दोन-तीन लॉन त्याच्यासोबत जाऊन करा. पातं बोथट असेल तर गवत कापलं न जाता फाटतं आणि दुसऱ्या दिवशी टोकं पिवळी दिसतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू देऊ नका. कडेला ब्रश कटर (लांब दांड्याचं, हातात धरून गवत कापायचं मशीन) चालवताना गॉगल हवाच, आणि शेजारी गाडी उभी असेल तर ती आधी हलवायला सांगा. उडालेल्या खड्याने काच फुटली की महिन्याची कमाई गेली.

त्याला एकाच भागातली कामं द्या, कोथरूड तर कोथरूडच. गिऱ्हाइकाचा फोन मात्र तुमच्याकडेच यावा.