खत टाकण्याआधी माती बघा, मग पानं बघा

पीक पिवळं पडलं की लगेच युरियाची गोणी उघडू नका. आधी माती परीक्षण करा, शेतात नागमोडी फिरत ८-१० ठिकाणची १५ ते २० सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, बांधाजवळची आणि खताच्या ढिगाखालची सोडून, ती नीट मिसळून त्यातली अर्धा किलो लॅबला द्या. सगळ्यात आधी पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी आहे तो आकडा, बघायचा, कारण तो ६ ते ७.५ च्या आसपास असेल तर बहुतेक अन्नद्रव्यं पिकाला मिळतात, पण पीएच जास्त असलेल्या चुनखडीच्या जमिनीत लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही.

पानं पण बरंच सांगतात. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) कमी आहे, आणि वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर लोहाचा संशय घ्या, तिथे युरिया ओतून काहीच होत नाही, चिलेटेड लोहाची (पिकाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करा.

शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा हो, काडीकचऱ्याचं अर्धवट कुजलेलं टाकलं तर ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खातात आणि पीक उपाशी राहतं.

नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार दिसतं पण फळ मऊ, टिकत नाही, मावा ही रस शोषणारी कीडही वाढते. फळं भरताना पालाश (पोटॅश) हवंच, गोडी आणि टिकाऊपणा त्यावर बराच अवलंबून असतो. टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तर कॅल्शियम टाकण्याआधी पाणी नियमित देताय का ते तपासा, कारण कॅल्शियम पाण्यासोबतच फळात जातं.