जुनं विमान उडवताना या चुका टाळा

मी विमान उडवायला शिकवतो. हॉलिवूडचा अभिनेता हॅरिसन फोर्डच्या विमान अपघाताचा विषय निघाला की नवे विद्यार्थी हमखास म्हणतात, "नशीब बलवत्तर होतं." ५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका विमानतळावरून त्याने १९४२ सालचं रायन पीटी-२२ हे जुनं प्रशिक्षण विमान उडवलं आणि थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. झाडाचा शेंडा घासून विमान जवळच्या गोल्फ मैदानावर आदळलं. ७२ वर्षांच्या फोर्डची हाडं मोडली, पण जीव वाचला. हे सगळं नशिबावर ढकलू नका.

धावपट्टीकडे मागे वळणं. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. एकदा भरपूर उंचीवर मी एका विद्यार्थ्याचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढला आणि म्हटलं, "समज, आत्ताच उड्डाण केलंय. इंजिन गेलं. काय करशील?" त्याने लगेच पंख कलवला. "सर, धावपट्टी मागेच आहे की!" वळण पुरं होईना, म्हणून त्याने कल वाढवला आणि नाक वर धरून ठेवलं. विमान वळवायची काठी त्याच्या हातात थरथरायला लागली, आतला पंख खाली गेला. मी विमान सावरलं, तेव्हा आम्ही त्याने मनात धरलेल्या जमिनीच्याही खाली होतो. उतरल्यावर बराच वेळ तो बोलला नाही.

अर्धं वळण घेतलं की झालं, हा हिशेबच चुकीचा आहे. पट्टीच्या रेषेत यायला त्याहून जास्त वळावं लागतं. उंची न सोडता ४५ अंशांच्या कलात वळलात तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. फोर्डनेही आधी विमानतळाच्या नियंत्रण टॉवरकडे परतण्याची परवानगी मागितली होती. पण पोहोचणार नाही हे दिसताच त्याने पट्टीचा हट्ट सोडला आणि मोकळी जागा धरली. मला त्याचं कौतुक आहे ते यासाठी. मी दर उड्डाणाआधी मोठ्याने म्हणतो, "या उंचीखाली इंजिन गेलं तर समोरच उतरायचं." माझे विद्यार्थी ते पुटपुटतात. मी परत म्हणायला लावतो.

इंजिन गेल्यावर आणखी लांब पोहोचायला नाक वर ओढून विमान ताणणं. ताणलं जात नाही, पडतं. आधी वेग सांभाळा.

'तपासणी झाली आहे' यावर विसंबणं. एनटीएसबी या अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तपासात आढळलं की फोर्डच्या विमानात कार्बोरेटरचा मुख्य जेट (इंधन मोजून सोडणारं छोटं तोंड) जागेवरून फिरून सुटला होता, त्यामुळे इंधन जास्त गेलं आणि ताकद पडली. तो जेट वरचेवर तपासावा, असं देखभालीच्या सूचनांत नव्हतं. म्हणून जुन्या विमानाची नोंदवही नुसती चाळू नका. कुठला भाग शेवटचा कधी उघडला, हे मेकॅनिकला विचारा. तो वैतागला तरी विचारा.

खांद्याचा पट्टा कुणीतरी बसवलाय म्हणून बांधणं. हे वाचून मला राग येतो. फोर्डच्या विमानातला पट्टा नीट बसवलेला नव्हता, आणि त्याच्या दुखापती वाढायला तेही एक कारण ठरलं. नंतर जोडलेला पट्टा कशाला बांधलाय, ते फार थोडे जण पाहतात. पातळ पत्र्याला की विमानाच्या सांगाड्याला? मी बसण्याआधी आसनाच्या मागे हात घालून तो बोल्ट चाचपतो, मग दोन्ही हातांनी पट्टा हिसकून बघतो. पत्रा जरा जरी वाकला, तरी त्या दिवशी मी उडत नाही.