टीममधल्या माणसाचं कौतुक कसं करायचं आणि बक्षीस कधी द्यायचं

ग्रुपवर 'गुड जॉब टीम' टाकलं, खाली दहा अंगठे आले की झालं कौतुक, असं बऱ्याच ऑफिसात चालतं. माझ्याच टीममधली एक मुलगी राजीनामा देताना म्हणाली, मी दिवसभर काय करते हे इथे कुणाला माहितीच नव्हतं. तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतलाय.

सगळ्यात आधी, कौतुक करताना काम नेमकं सांगा. 'छान केलंस' पुरत नाही. 'काल रात्री सिस्टीम बंद पडली तेव्हा क्लायंटचा फोन यायची वाट न बघता तूच त्यांना कळवलंस, त्यामुळे सकाळी त्यांचं काम अडलं नाही', हे असं. काय केलं आणि त्याने कुणाचं काय सोपं झालं, एवढं आलं पाहिजे, आणि तेही दोन-तीन दिवसांत, कारण जानेवारीतल्या कामाबद्दल डिसेंबरात बोललात तर त्या माणसाला स्वतःलाच ते आठवत नाही.

मी एक वही ठेवते. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं टीमच्या नावांवरून नजर फिरवायची आणि प्रत्येकाच्या पुढे आठवड्यातली एक गोष्ट लिहायची. एखाद्याच्या नावापुढे तीन आठवडे काहीच नसेल तर बहुतेक वेळा त्याचं काम कमी नसतं, आपलं लक्ष नसतं. नवीन मुलांना शिकवणारे, हँडओव्हर नीट लिहून ठेवणारे, चूक बाहेर जायच्या आधी पकडणारे, हे लोक हमखास सुटतात. प्रत्येक वेळी फक्त शेवटच्या क्षणी धावपळ करून काम वाचवणाऱ्यालाच टाळ्या मिळाल्या तर बाकीचे काय शिकणार?

आता पैसे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 साली मांडलं होतं की पगार, नियम, कामाची परिस्थिती या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नुसत्या ठीक असल्याने तो कामात रमत नाही, रमण्यासाठी कामाची दखल, जबाबदारी, काहीतरी जमल्याचं समाधान लागतं. यावर पुढे बरेच वाद झालेत पण मला रोजच्या कामात हे पटतं. म्हणून क्रम उलटा करू नका, पगार उशिरा आणि वर सर्टिफिकेट वाटप म्हणजे जखमेवर मीठ.

बक्षिसाला आकडा जोडताना तर दहा वेळा विचार करा. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत खाती उघडायच्या टार्गेटचा इतका दबाव होता की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली, आणि 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. लोक आपण मोजतो तेच करतात, आपल्या मनात काय होतं ते नाही. मोठ्या बोनसचे नियम सगळ्यांना आधीच माहिती हवेत, पण छोटी भेट किंवा एखादी जास्तीची सुट्टी न सांगता दिलेली बरी. 1973 च्या एका प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना बक्षिसाचं आधी सांगितलं तर नंतर त्यांची आवड कमी झाली, अचानक मिळालं त्यांची नाही झाली. मुलांचा प्रयोग आहे, मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये, पण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' मी बंद केलं. आळीपाळीने नावं येतात नाहीतर तीच तीच येतात. त्यापेक्षा मीटिंगच्या शेवटी पाच मिनिटं, ज्याला वाटेल त्याने सहकाऱ्याने केलेल्या मदतीचा एक प्रसंग सांगायचा, जबरदस्ती नाही.

आणि ज्याचं कौतुक करायचंय त्याला आधी विचारा. आमच्यातल्या एकाला मी सगळ्यांसमोर उभं केलं, तर तो मान खाली घालून पेनाचं टोपण उघडबंद करत राहिला, नंतर म्हणाला, पुढच्या वेळी मेल करा ना. आता मी त्याला चार ओळींचा मेल करते आणि माझ्या बॉसला कॉपीत ठेवते. अप्रेझलच्या दिवशी त्याने त्यातले सहा मेल प्रिंट करून आणले होते.