‘फांगप्येन’शी माझं कसं जमलं

चिनी शिकायला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. चाकणला परचेसमध्ये असल्यामुळे वीचॅटवर सप्लायरशी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निंगपोच्या एकाला विचारलं, ‘हाच पार्ट बाकीच्यांना काय भावानं देता?’ उत्तर आलं, ‘चऽ-क पु फांगप्येन श्वो.’

पु म्हणजे नाही, फांगप्येन म्हणजे सोयीचं, एवढं मला ठाऊक होतं. वाटलं, गडबडीत असेल बिचारा. मी लिहिलं, ‘मग संध्याकाळी फोन करू?’ त्याने नुसती एक हसरी स्मायली टाकली. (चीनमध्ये ती स्मायली बऱ्याचदा ‘पुरे आता’ अशी वाचतात, हे नंतर कळलं.) तो म्हणत होता, ‘ते सांगायला जमणार नाही.’

तेव्हापासून मी ‘सोयीचं’ सोडलं आणि ‘जमणं’ धरलं. ‘नी फांगप्येन मा?’ म्हणजे ‘आत्ता बोलायला जमेल का?’ ‘शोउथोउ पु फांगप्येन’ म्हणजे सध्या हात तंग आहे.

सगळीकडे ते चालत नाही म्हणा. फांगप्येन-म्येन म्हणजे झटपट नूडल्स. आणि जेवता जेवता कोणी ‘छ्यू फांगप्येन यीश्या’ म्हणून उठलं, तर कुठे निघालात असं विचारू नका. आपणही ‘सुलभ कुठंय?’ विचारतोच की.

उच्चाराचं एक. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, ‘बी’ दिसतो म्हणून ‘ब्येन’ म्हणू नका, तो आपला ‘प’च. ‘फांग’ उंच आणि सपाट. ‘प्येन’ वरून खाली, पोराला ‘गप!’ म्हणून दटावतो तसा.

शब्द पक्का डोक्यात बसला तो मात्र वेगळ्याच वाटेने. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने इ.स. ४०६मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र हा बौद्ध ग्रंथ चिनीत आणला. त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव ‘फांगप्येन’, मूळ संस्कृतात ‘उपायकौशल्य’. ऐकणाऱ्याला झेपेल तसं सांगण्याची हातोटी. म्हणजे उपाय आपलाच, चीनला जाऊन आलेला!

हल्ली भाव विचारण्याआधी मी ‘रूक्वो फांगप्येन त हुआ’, म्हणजे ‘जमत असेल तर’, एवढं जोडतो. समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. ती स्मायली अजून तरी परत आलेली नाही.