विलीनीकरणानंतर जुने स्विच-राउटर काढताय? या चुका टाळा

दोन कंपन्या एक झाल्या की सर्व्हर रूममध्ये सगळंच दुप्पट होतं. फायरवॉल (बाहेरची घुसखोरी अडवणारा) दोन, कोअर स्विच (बाकीचे स्विच जोडणारा मुख्य) दोन, लीज लाइन (भाड्याची स्वतंत्र जोडणी) दोन, एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) बिलंही दोन. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतलं मासळी प्रक्रिया युनिट आणि चिपळूणजवळच्या खेर्डीतलं ऑफिस एका नावाखाली आलं, असं समजा. वर्षभरात अकाउंट्सकडून विचारणा येते, 'ते जुनं कधी काढताय?' आणि घाई सुरू होते.

दिवा लुकलुकत नाही, म्हणजे पोर्ट रिकामा

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. स्विचच्या मॅक टेबलातली (कोणत्या पोर्टवर कोणतं उपकरण, याची यादी) नोंद साधारण ३०० सेकंदांत पुसली जाते. पाच मिनिटं गप्प बसलेलं मशीन तिथे दिसणारच नाही. वजनकाट्याचा आकडा नेटवर्कवर पाठवणारा सिरियल कन्व्हर्टर ट्रक काट्यावर चढला तरच बोलतो. शीतगृहाचा तापमान अलार्म बिघाड झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून मॅक टेबल आणि एआरपी टेबल (कोणता आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा, याची यादी) एकदा पाहून भागत नाही. छोटी स्क्रिप्ट लावून दर पाच मिनिटांनी ती उतरवून घ्या, निदान एक पूर्ण महिना. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा, पगार, महिनाअखेर हे सगळं त्यात आलं पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी एक फसगत होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. या दोन महिन्यांत पाहणी केली तर बर्फ कारखान्याचा मीटर, जेटीवरचा बिलिंग पीसी, वजनकाटा, सगळेच 'मेलेले' दिसतात. मग ऑगस्टमध्ये पहिली बोट लागते आणि फोन खणखणू लागतात. पाहणी हंगामात करा. प्रत्यक्ष बदल गणपतीच्या आधीच्या आठवड्यात अजिबात नको, निम्मा स्टाफ गावी असतो.

बंद केलं त्याच दिवशी रॅकमधून काढलं

बंद करणं आणि काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांच्यामध्ये ३० दिवस जाऊ द्या. आधी एकेक पोर्ट शटडाउन करा, दोन-तीन दिवसांनी पॉवर काढा, पण उपकरण जागेवर आणि केबलला लेबल तशीच ठेवा. एवढा वेळ का, तर डीएचसीपीमुळे, म्हणजे पीसींना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेमुळे. विंडोज सर्व्हरवर लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) मुळात ८ दिवसांची असते. जुना डीएचसीपी सोमवारी बंद केला, तरी ज्यांच्याकडे पत्ता आहे ते पीसी आठवडाभर बिनबोभाट चालतात. एकेक लीज संपत जाते तसे ते तुटतात, आणि तोवर सोमवारच्या बदलाचा संशय कुणाला येत नाही. बंद करण्याच्या आठवडाभर आधी लीज एका तासावर आणा. मग बिघाड त्याच दिवशी समोर येतो.

जुना स्विच रूट ब्रिज निघतो

ट्रॅफिक गोल-गोल फिरू नये म्हणून स्विच एसटीपी नावाच्या पद्धतीने आपल्यातला एक प्रमुख, म्हणजे रूट ब्रिज, निवडतात, आणि ज्याची प्रायॉरिटी लहान तो जिंकतो. कुणीच प्रायॉरिटी बदलली नसेल तर सगळ्या स्विचवर ती ३२७६८ असते आणि निवड सर्वात लहान मॅक पत्त्यावर होते. एकाच उत्पादकाच्या स्विचमध्ये लहान पत्ता बहुधा सर्वात जुन्याचा. म्हणजे पॅकिंग शेडमधला धूळ खाणारा डबा सगळ्या नेटवर्कचा मुकादम असतो. तो उपटला की नवा रूट ठरेपर्यंत जुन्या एसटीपीत ३० ते ५० सेकंद नेटवर्क ठप्प. त्याहून वाईट म्हणजे नवा रूट भलत्याच टोकाचा स्विच होऊ शकतो. मग सगळं ट्रॅफिक वळसा घालून जातं आणि 'नेट स्लो आहे' ही तक्रार महिनोन्महिने राहते. काढण्याआधी नव्या कोअरवर ४०९६, जोडीच्या स्विचवर ८१९२ लावा, तेही रात्री.

उलटा धोका काढलेला स्विच दुसरीकडे लावताना असतो. सिस्कोच्या स्विचवर 'राईट इरेज' (कॉन्फिग पुसण्याची आज्ञा) केलं तरी फ्लॅशमधली व्हीलॅन डॅट फाइल राहते, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या विभागांची (व्हीलॅनची) यादी. ही यादी स्विच-स्विचमध्ये वाटणाऱ्या व्हीटीपीचा रिव्हिजन क्रमांकही तिच्यातच. डोमेन तेच असेल आणि क्रमांक चालू नेटवर्कपेक्षा मोठा असेल, तर ट्रंक (दोन स्विचमधली सगळे व्हीलॅन नेणारी केबल) जोडताच जुनी व्हीलॅन यादी सगळीकडे पसरते. म्हणून ती फाइल वेगळी डिलीट करून रीलोड करा, आणि 'शो व्हीटीपी स्टेटस'मध्ये शून्य दिसल्याशिवाय ट्रंक जोडू नका.

दोन्हीकडे १९२.१६८.१

विलीनीकरणात हे हमखास भेटतं. दोन्ही ऑफिसांची आयपी पत्त्यांची रेंज एकच, म्हणून कुणीतरी जुन्या राउटरवर नॅट (एक पत्ता दुसऱ्यात बदलून देणारी सोय) लावून तात्पुरती जुळवणी केलेली असते, आणि तिचा कागद कुठेच नसतो. राउटर काढण्याआधी त्याची नॅट टेबल छापून घ्या. स्टॅटिक (कायम न बदलणाऱ्या) आयपीचंही तसंच. बँकेच्या पेमेंट जोडणीत, बायोमेट्रिकमध्ये किंवा डीव्हीआरमध्ये जुना आयपी नोंदलेला असतो. लीज लाइन रद्द करण्याचं पत्र त्यानंतरच द्या.

पीओईचा (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याचा) हिशोब छोटा आहे, पण चुकतो. साध्या पीओई स्विचच्या पोर्टमधून १५.४ वॅट निघतात, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोहोचतात. फिरणारा कॅमेरा त्यावर दिवसा चालतो आणि रात्री इन्फ्रारेड लागलं की बंद पडतो. नव्या स्विचवर ३० वॅटचे पोर्ट किती आणि स्विचचं एकूण वॅटचं बजेट किती, हे आधी जुळवा.

पुसल्याशिवाय भंगारात

कॉन्फिगमध्ये व्हीपीएनची की, एसएनएमपी कम्युनिटी (देखरेखीचा परवलीचा शब्द), रेडिअसचं (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं) सिक्रेट असतं, आणि सिस्कोचा टाइप ७ (कच्च्या पद्धतीने लपवलेला) पासवर्ड उलगडायला मिनिटही लागत नाही. उपकरण पुसाच, शिवाय चालू नेटवर्कवर त्याच की वापरात असतील तर त्याही बदला. फायरवॉल उत्पादकाकडच्या तुमच्या खात्यातून काढून टाका, नाहीतर तो तुमच्याच नावावर राहतो आणि घेणाऱ्याला लायसन्स चढवता येत नाही. फायरवॉलचे लॉग मात्र आधी उतरवून घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग भारतातच जपावे लागतात, आणि उपकरण विकलं म्हणून ही जबाबदारी सुटत नाही.

भंगाराच्या ढिगात टेलिकॉम कंपनीचा मोडेम किंवा ओएनटी (फायबरचा डबा) गेला नाही ना, तेही बघा. तो तुमचा नसतो, अनामत अडकते. बाकी माल नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या, ई-कचरा नियम २०२२ आहेत. यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र त्या गाडीत नको, त्यांना बॅटरी कचऱ्याचे स्वतंत्र नियम लागू होतात. सिरियल नंबरनिशी पावती घ्या आणि तीच यादी अकाउंट्सला द्या, म्हणजे मालमत्ता नोंदीतून आणि एएमसीतून ती उपकरणं एकाच वेळी उतरतील.

'स्पेअर म्हणून ठेवू' आणि खारी हवा

दोन-तीन स्विच स्पेअर ठेवायला हरकत नाही, दहा नको. बंद उपकरणात उष्णता नसते, त्यामुळे मिऱ्या किंवा हर्णैसारख्या किनाऱ्याच्या हवेत ओल थेट पिनांवर बसते आणि आरजे-४५ च्या (नेटवर्क केबल बसते त्या खाचेच्या) आतली तांब्याची टोकं हिरवी पडतात. स्वच्छ करून, एसएफपी (फायबरचे सुटे मॉड्यूल) काढून त्यांच्या टोप्या लावून, सिलिका जेलसकट जाड पिशवीत सीलबंद करा. बाहेर चिठ्ठी चिकटवा, त्यावर मॉडेल, फर्मवेअर आणि पुसल्याची तारीख हवी. रॅकचे कान (स्विच रॅकला बसवायच्या पट्ट्या) आणि केज नट (त्यांचे खास नट) त्याच पिशवीत टाका, नाहीतर आयत्या वेळी सगळं मिळतं आणि तेवढेच मिळत नाहीत. दर तीन महिन्यांनी तासभर पॉवर देऊन पाहा. खोका तळमजल्यावर मात्र ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत कुठवर चढलं होतं, त्याच्या खुणा काही भिंतींवर असतील. त्याहून वरचा कप्पा निवडा.